हवेच्या अडीचपट जड

माय,

तू तिला आधी उचललंस. काहून, एवढं एकच मला विचारायचं होतं. तू होतीस तोवर हिंमत झाली नाही, आणि आता विचारून उत्तर कोण देणार? तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. आपल्या बोलीत लिहायला बसले होते, पण सारी नोकरी पोरांना शुद्ध बोला, शुद्ध लिहा म्हणण्यात गेली, हात आता त्याच वळणानं पळतो. तू म्हणशील, लय शहानी झाली वं. म्हण. पण मनात आहे ते मला जमेल तसं लिहू दे. आणि मनात काय आहे तेही आधीच सांगून टाकते: हेवा आहे. निव्वळ हेवा. सत्तरी आली, नातवंडं झाली, गुडघे गेले, पण हा काही जात नाही.

बाबा गेले आणि घरातला माग थांबला. तू सवयीनं कांड्या भरायला बसायचीस, आणि मग तुला आठवायचं की विणणारं कोणी उरलं नाही. मोहल्ल्यातल्या कोणाच्या तरी ओळखीनं तुला मुलींच्या कॉलेजात काम मिळालं, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायचं. तू चौथी शिकलेली. पहिल्याच महिन्यात ऍसिडनं तुझ्या दोन लुगड्यांची चाळण केली. पण दोन वर्षांत अशी वेळ आली की प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी प्रोफेसर मॅडम तुलाच विचारायच्या, मावशी, सामान पुरेल ना? सगळ्या मुलींची तू मावशी झालीस. मावशी म्हटलं की अर्धी आई आलीच, आणि ही वाटणी करताना मला कोणी विचारलं नव्हतं. माय मरो अन् मावशी उरो ही म्हण मला तेव्हापासून आवडत नाही. शाळेत कधी शिकवायची वेळ आली तर मी ती गाळून पुढे जायची.

क्लोरीनची गोष्ट तू मला फार आधी सांगितली होतीस, चुलीपाशी. त्या दिवशी तू घरी आलीस तर पदराला ब्लीचिंग पावडरचा वास. आपल्याला तो नवा नव्हता, सूत पांढरं करायला बाबा तीच पावडर पाण्यात कालवायचे. तू म्हणालीस, त्या पावडरीतला जीव आज काचेच्या भांड्यात पाहिला. मग भाकर थापता थापता तू सारं सांगत गेलीस. काळी पूड चंबूत घालायची, वरून ऍसिड सोडायचं, खालून मंद आच. नळीचं टोक गॅस जारच्या पार तळाशी न्यायचं, कारण हा वायू हवेपेक्षा जड. मॅडम म्हणते अडीचपट. तो तळाला बसतो आणि पाण्यासारखा वर भरत येतो. रंग हिरव्या मुगाच्या कढणासारखा, पिवळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर पिवळा. जारच्या मागे पांढरा कागद धरला की कुठवर भरला ते दिसतं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कागद आत सोडला तर काडी न लावता पेटतो आणि काजळी धरतो. रंगीत चिंधी कोरडी टाकली तर तशीच राहते, ओली टाकली तर पाहता पाहता पांढरी होते. मी विचारलं, असं कसं? तू भाकर तव्यावर टाकलीस, हात झटकलास आणि म्हणालीस, "कोरड्याले काही नाही करत तो. ओलं दिसलं का धरते. अन् माणूस आतून सारा ओलाच असते, पोरी. डोळे, नाक, छाती." मग पिठाचं बोट माझ्याकडे रोखून, "धूर असला तं खाली वाकावं, हा असला तं वर चढावं. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं.

मॅट्रिकला गणितात मी काठावर निघाले आणि सायन्सचं दार बंद झालं. त्याच कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. तू नुसतं बरं म्हणालीस, आणि त्या बऱ्यात किती नाबरं होतं ते मला कळलं. रिकाम्या तासाला मी लॅबच्या मागच्या तयारीच्या खोलीत येऊन तुझ्यासोबत जार पुसायची, लेबलं चिकटवायची. मैत्रिणी म्हणायच्या, आईच्या पदराला काय धरून राहिली? मी हसायची. पदर धरून राहायला मला आवडत होतं. दिवसभरात तू माझी एकटीची असायचीस ती तेवढीच एक जागा होती.

मग ती आली. पारशिवनीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची, होस्टेलवर राहणारी. तिचं नाव मी लिहीत नाही, तूही तिला नावानं हाक मारत नव्हतीस, पारशिवनीची म्हणायचीस. दोन घट्ट वेण्या, पायात टायरच्या चपला, आणि डोकं असं की मॅडमचा खडू फळ्याला लागायच्या आत हिच्या वहीत समीकरण तयार. तीही तयारीच्या खोलीत यायला लागली. मावशी, मी पुसू का? मी दोन वर्षांपासून पुसत होते, माय. माझ्या पुसण्याला तू कधी हूं की चूं केलं नाहीस. तिनं चार जार पुसले तर तू मला म्हणालीस, पाह्य वं, काच कशी निवळ झाली. मी त्या दिवशी घरी येऊन सगळी पितळेची भांडी चिंचेनं घासली, लखलख होईपर्यंत. तुला वाटलं सण जवळ आला म्हणून.

थंडीत सांबार स्वस्त झाला, म्हणजे तीच लोकांची कोथिंबीर, की तू सांबारवड्या करायचीस. त्या वर्षी डबा भरून वड्या होस्टेलवर गेल्या आणि घरी राहिल्या त्या फुटलेल्या. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालीस, होस्टेलचं अन्न काय अन्न असते, अन् फुटली म्हणून वडीची चव जाते का? नाही जात. पण तळताना फुटली ती घरच्यांची आणि साजरी निघाली ती परक्यांची, असं कोणी ठरवलं? आणि त्याहून मोठी गोष्ट सांगू? बाबांच्या मागावरून उतरलेलं शेवटचं कापड तू पेटीत घडी करून ठेवलं होतंस. पांढरं, जाडंभरडं. मला वाटायचं माझ्या लग्नात त्याचं काहीतरी होईल, उशीचे अभ्रे तरी. एक दिवस शेजारणीच्या मशीनवर तू त्याचा ऍप्रन शिवलास, तिच्या मापाचा, आणि पुढेही कामी यावा म्हणून बाह्या चांगल्या सैल ठेवल्यास. मी दाराशी उभी राहून पाहत होते. काही विचारलं नव्हतं, तरी तू दोरा तोडत म्हणालीस, तुले आर्ट्सले काय करायचा ऍप्रन? बरोबर होतं. तुझं सगळं बरोबरच असायचं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

तू तिला माझ्यासमोर शिकवायचीस. बाटली नाकाशी न्यायची नाही, हातानं वारा ओढून वास घ्यायचा. बुचाला मेण लावायचं. गळतं का पाहायचं तर अमोनियाची बाटली जवळ धरायची, पांढरा धूर निघाला तिथं भोक आहे समजायचं. ती पुस्तकातलं सांगायची, तू हातातलं सांगायचीस, आणि दोघी हसायच्या. मी खिडकीशी बसून मराठीच्या नोट्स उतरवायची आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. एकदा मी तिची जर्नल उघडून पाहिली. क्लोरीनचे भौतिक गुणधर्म: रंग हिरवट पिवळा, वास उग्र, हवेच्या अडीचपट जड, पाण्यात अल्प विरघळतो, श्वसनमार्गास घातक. खाली लाल पेन्सिलीनं रेघ. वर चढावं असं कुठे नव्हतं. ते तू तिला सांगितलंच नव्हतंस. इतकी हुशार पोर, तिला काय सांगायचं, असं तुला वाटलं असेल. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. एक तरी गोष्ट अशी होती जी तू फक्त मला दिली होतीस.

मग तो दिवस. डिसेंबरची सकाळ, थंडीमुळे खिडक्या बंद. अकराच्या प्रॅक्टिकलसाठी जार भरून ठेवायचे होते. तू चंबू लावून दिलास, सहा जार भरले, झाकणं बसली, दाराजवळच्या टेबलावर ओळीनं उभे. मेण संपलं म्हणून तू पलीकडच्या स्टोअरमध्ये गेलीस. जाताना म्हणालीस, दोघी ध्यान ठेवजा. ती सातवा जार उचलायला वळली आणि ऍप्रनची सैल बाही नळीत अडकली. स्टँड कलंडला, चंबू फुटला, आणि टेबलावरचे जार एकाला एक लागून खाली आले. काच फुटल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. मला वाटलं होतं स्फोट होईल, धूर होईल. तसलं काही झालं नाही. फरशीवर हिरवट पिवळं काहीतरी पसरत होतं, सांडलेल्या पाण्यासारखं, अगदी सावकाश. मग डोळ्यांत तिखट पूड गेल्यासारखं झालं. दार त्या पसाऱ्याच्या पलीकडे.

मी भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर चढले. विचार केला नाही, पाय आपोआप चढले. वर उभी राहिले तर डोकं छताशी. आणि ती कोपऱ्यात जाऊन खाली बसली. फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, ऍप्रनची कड नाकाला लावून. शेतकऱ्याघरची पोर, गोठ्याला आग लागली तर वाकून बाहेर यायचं हे तिच्या हाडात. वहीत अडीचपट लिहिणारी ती, वर्गात पहिली येणारी ती, आणि घाबरल्यावर गुडघे वाकले ते खेड्यातल्या घरी वाकायचे तसे. तो पसारा तिच्या पायांपर्यंत आला. ती खोकायला लागली आणि खोकताना आणखी खाली वाकली.

दार उघडलं. तू होतीस. दारातूनच ओरडलीस, "वर चढ वं, वर चढ." तो ओरडा तिच्यासाठी होता, मी तर वरच होते. ती उठली नाही. मग तू छातीत दम भरून आत आलीस. ओट्याला तुझी कंबर घासली इतक्या जवळून गेलीस. मी हात पुढे केला होता, माझी बोटं तुझ्या खांद्याला लागली. तू वळून पाहिलं नाहीस. कोपऱ्यात गेलीस, गव्हाचं पोतं उचलावं तसं तिला उचललंस आणि घेऊन गेलीस. मी ओट्यावर हात तसाच पुढे धरून उभी. मग परत आलीस, माझ्यासाठी. ते मी नाकारत नाही. पण परत आलीस.

सरकारी दवाखान्यात तू तीन दिवस तिच्याजवळ होतीस. तिला आडवं पडता येत नव्हतं, म्हणून तू तिला छातीशी टेकवून बसवून ठेवायचीस. पारशिवनीहून तिचे वडील येईपर्यंत तूच माय, तूच बाप. मी शेजारणीकडे होते, हळद-दूध पीत. माझा घसा चार दिवसांत बरा झाला आणि त्याचा मला राग आला. मला तिच्या खोकल्याचा हेवा वाटला, माय. खोटं कशाला सांगू? कॉटवर तुझ्या छातीला टेकलेलं तिचं डोकं पाहून मला वाटलं, मीही खाली बसायला हवं होतं. चौथ्या दिवशी तू घरी आलीस, तोंड धुतलंस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तू वर होती, बाई. ते पोरगी खाली होती. खालचीले पयले काढा लागते." इतकं साधं. मला कळलंही. कळून काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर दर थंडीत तुला खोकला धरायचा. डॉक्टर धुळीचं म्हणायचे, तू मिरचीच्या फोडणीचं म्हणायचीस. मला ठाऊक होतं कशाचं. पहिल्या खेपेला तुझा दम पुरला होता. दुसऱ्या खेपेला, ओट्याशी येऊन तू मला खाली घेतलंस तेव्हा तुझं तोंड उघडलं आणि तू श्वास घेतलास. मी पाहिला. माझ्या तोंडासमोरच होता. ती आपल्या पायांनी ओट्यावर चढली असती तर खिडकी फोडून का होईना, एका दमात आपण तिघी निघालो असतो. हे मी पुढे किती थंड्यांत, तुझ्या पाठीवर शेक देता देता, मनात मांडून पाहिलं. दर वेळी तेच उत्तर आलं.

तू मला एकदाच विचारलंस. रविवार होता, अंगणात ऊन होतं, तू माझ्या डोक्याला तेल लावत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तुले तं म्या सांगतलं होतं, धूर नाही हा, वर चढावं म्हणून. तिले काहून नाही म्हटलं वं?" मी म्हटलं, घाबरली होती, ध्यानातच नाही आलं. तू हूं म्हणालीस. वेणी घातलीस, रिबन बांधलीस, हात लुगड्याला पुसलेस आणि आत गेलीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस. तुला पटलं की नाही हे मला कधी कळलं नाही, आणि तू तिला आधी का उचललंस हा माझा सगळा कांगावा त्या न कळण्यावर उभा आहे. आपण रुसून बसलं की समोरचा आपली चूक शोधायला येत नाही, हे मी फार लहानपणी शिकले होते.

मी घाबरले नव्हते, माय. घाबरले असते तर बरं झालं असतं. ओट्यावर उभी राहून मी तिला खाली बसताना पाहिलं आणि जिभेवर शब्द आले होते. दोनच. मग त्या पांढऱ्या ऍप्रनकडे नजर गेली, आणि वाटलं, हे दोन शब्द तरी माझे राहू देत. तेवढंच वाटलं. किती वेळ? तू दारात येईपर्यंत.

ती पुढे रसायनशास्त्राची प्रोफेसर झाली. आता मनीषनगरात राहते, हवा बदलली की दम्याचा पंप ओढते. परवा मला फोन करून बोलावलं, पन्नास वर्षांत तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले. बैठकीत तुझा फोटो, हातात गॅस जार, डोक्यावर पदर, हसून राहिलीस. कॉलेजच्या फोटोवाल्यानं काढलेला, माझ्याकडे नाही तो. हार ताजा होता. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "तुझे आभार मानायचे राहून गेले बघ इतकी वर्षं. मावशी आत यायच्या आधी तू ओरडली होतीस ना, वर चढ, वर चढ म्हणून? अजून कानात आहे. माझे पायच उचलत नव्हते." आणि माझ्याकडे पाहत राहिली. तो आवाज तुझा होता. मायलेकींचा आवाज सारखा, असं मोहल्ल्यात सगळे म्हणायचे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पाकीटही आणलेलं नाही. तुझ्यापर्यंत पोचायचं नाहीच, पण जिला पोचवावं तिचं घर ऑटोनं वीस मिनिटांवर आहे, आणि मी जाणार नाही. तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. ओरडले होते म्हटलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, अन् माय, मले बरं वाटलं.